लेझर दिसला की झाकण लावा

तळेरे नाक्यावर रात्री ट्रायपॉड लावून उभा राहिलो की कुणीतरी विचारतंच, "काका, शटर इतको वेळ उघडां ठेवलां तर सेन्सर जळात नाय मां?" महामार्गावरच्या ट्रकांच्या आणि विजयदुर्ग, वैभववाडीकडे वळणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा एका फोटोत हव्यात, तर शटर ३० सेकंद उघडं राहणारच. त्याने काही जळत नाही. चंद्र, चांदण्या, हेडलाइट यांच्यात तेवढा जोर नसतो.

मग फोटोत लाल-निळे ठिपके येतात कुठून? उष्णतेतून. सेन्सर तापला की प्रकाश नसतानाही त्यात इलेक्ट्रॉन सुटतात. तापमान सहा ते आठ अंशांनी चढलं की साधारण दुपटीने. मे अखेरीस काजवे टिपायला बसाल तर हे भरपूर दिसेल. कॅमेऱ्यातली लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शनची सोय शटर मिटून तेवढ्याच वेळाचा काळा फोटो घेते आणि ठिपके वजा करते. कॅमेरा अडकला असं समजून तेव्हा बॅटरी काढू नका. काजव्यांचे बरेच फोटो एकावर एक जोडायचे असतील, तर मात्र ती सोय बंद ठेवा आणि शेवटी झाकण लावून स्वतःच काही काळे फोटो घ्या.

खरा घात मी पाहिला तो एका वरातीत. ओळखीच्या पोराचा मिररलेस कॅमेरा ट्रायपॉडवर होता. डीजेच्या गाडीवरचा हिरवा लेझर फिरत फिरत थेट लेन्समध्ये शिरला आणि स्क्रीनवर आडवी रेघ उमटली, ती कायमची. पोरगा तेव्हा फोटो काढतही नव्हता! पण मिररलेसचा सेन्सर कॅमेरा चालू असेपर्यंत उघडाच असतो. डीएसएलआरमध्ये निदान आरसा आड येतो. लेन्स तो किरण टाचणीच्या टोकाहून बारीक जागी एकवटते. कॅमेऱ्यासोबतच्या पुस्तिकेत लेझरचा इशारा छापलेला असतो, वाचतो कोण? २०२३च्या गणेशोत्सवात पुण्यात एका तरुणाच्या डोळ्याच्या पडद्यालाच लेझरने इजा झाली. २०२४मध्ये तिथल्या पोलिसांनी मिरवणुकीतल्या लेझरवर बंदी घातली. वरातींचं काम घेताना लेझर आहे का, हे आधीच विचारा. असेल तर गाडीच्या मागून किंवा बाजूने काम करा.

शंका आली तर कॅमेरा थंड होऊ द्या, झाकण लावून कमी आयएसओवर १/१०० सेकंदाचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. ठिपके गेले तर ती उष्णता होती. एखाददुसरा राहिला तर पिक्सेल मॅपिंगच्या सोयीने झाकता येतो. पूर्ण रेघ असेल तर बहुधा सेन्सरच बदलावा लागतो, आणि तो खर्च ऐकून पुष्कळजण जुना कॅमेरा तसाच ठेवून नवा घेतात.