अक्षयनीवी ते अनुदान : समाजाच्या संस्था आणि सार्वजनिक निधी

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, ज्यांना लोक अजूनही पांडवलेणी म्हणतात, त्या लेण्यांपैकी दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याचा एक शिलालेख आहे. लेण्यात राहणाऱ्या संघासाठी त्याने तीन हजार कार्षापणांचा निधी दिला. ही रक्कम त्याने संघाच्या हाती न देता गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने, तर एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दलाला कोणी हात लावावयाचा नाही, केवळ व्याज वापरावयाचे. या ठेवीला लेखात 'अक्षयनीवी' म्हटले आहे. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावेत, अशी तरतूद आहे. हिशेब करून पाहावा. महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खू, प्रत्येकी बारा. एक नाणेही इकडचे तिकडे होत नाही. शेवटी हे दान निगमसभेत जाहीर वाचून दाखविले व दप्तरात नोंदविले, असाही उल्लेख आहे.

प्रयोजन, लाभार्थी, रक्कम, रक्कम सांभाळणारी संस्था आणि सार्वजनिक नोंद असे सारे काही या एका लेखात आहे. आजच्या अनुदानाच्या मंजुरी-आदेशात याहून वेगळे काय असते? दान म्हटले की आपल्याकडे श्रद्धेचाच विचार होतो. परंतु आपल्या परंपरेत दानाला हिशेबाची शिस्त जवळजवळ दोन हजार वर्षांपासून आहे, हे विहार समित्यांच्या पदाधिकाऱ्यांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे.

सार्वजनिक निधी कोणासाठी, हा प्रश्न मात्र मधल्या काळात फार वेगळ्या रीतीने सोडविला गेला. पेशवाईत ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजांनी एकदम बंद केली नाही. तिच्यातील काही भाग पुढे ग्रंथांच्या पारितोषिकांकडे वळला आणि त्याच दक्षिणा प्राइज फंडातून जोतीराव व सावित्रीबाईंच्या शाळांना साहाय्य मिळाले. एका वर्णासाठी राखलेला पैसा महार-मांगांच्या मुलांच्या पाटीपर्यंत पोहोचावा, ही इतिहासातील लहान घटना नव्हे.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने सहायक अनुदानाची पद्धत सुरू केली. उत्तम व्यवस्थापन, सरकारी तपासणीस मान्यता, थोडी तरी फी, अशा तिच्या अटी होत्या. अटी वाचताना निर्दोष वाटतात. परंतु व्यवस्थापन करू शकणारी शिकलेली मंडळी आणि इमारत ज्यांच्याजवळ आधीच होती, त्यांनाच त्या पुऱ्या करता येत. ज्याला शाळेच्या दाराशीही उभे राहू दिले जात नव्हते, त्याने संस्था चालविण्याचा अनुभव कोठून आणावयाचा? रयतेच्या कष्टातून जमणारा महसूल वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, ही तक्रार जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडली. माझ्या मते अनुदानाच्या राजकारणावरील ते आपल्या भाषिक प्रदेशातील पहिले ठोस भाष्य होय.

पुढच्या पिढीने याच अनुदानाचा हत्यारासारखा उपयोग केला. सार्वजनिक पैशातून बांधलेली वा चालविली जाणारी पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने ही स्थळे अस्पृश्यांना खुली करावीत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. तो बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिला, तेव्हा बोले यांनीच १९२६ मध्ये दुसरा ठराव आणला : जी नगरपालिका वा लोकल बोर्डे तो अमलात आणणार नाहीत, त्यांचे अनुदान बंद करावे. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहाचा विचार करताना आपण चवदार तळ्याचे पाणी आठवतो आणि ते योग्यच आहे; पण त्यामागे सार्वजनिक पैशावरील समान हक्काचा हा वाद उभा होता, हेही मुलांना शिकविले पाहिजे.

बाबासाहेबांच्या संस्थाकार्याचा क्रम पाहावा. जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि ती १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली रीतसर नोंदविली गेली. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष स्वतः बाबासाहेब. जानेवारी १९२५ मध्ये सभेने सोलापूरला वसतिगृह काढले व सोलापूर नगरपालिकेने त्याला दरमहा ४० रुपयांचे अनुदान दिले. १९२८ मध्ये दलित वर्ग शिक्षण संस्थेच्या रूपाने पाच वसतिगृहांचे काम आले. सरकारी अनुदान अपुरे पडू लागताच बाबासाहेबांनी दात्यांकडे आवाहने केली. मदत करणाऱ्यांत पारशी व मुस्लिम गृहस्थही होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४२ मध्ये त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सादर केले, त्यातून उच्च शिक्षणासाठी वार्षिक तीन लाखांची तरतूद झाली. बाबासाहेबांनी अनुदान मागितले ते हक्क म्हणून. आणि त्यासाठी लागणारी नोंदणी, घटना, हिशेब हे आधी तयार ठेवले. आपण पहिला भाग घोषणेसारखा उचलला आणि दुसरा विसरलो, असे मला पुष्कळदा वाटते.

केवळ एकाच अनुदानावर विसंबण्यातील धोका कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या चरित्रातून कळतो. १९४८ साली मुंबई सरकारने रयत शिक्षण संस्थेचे अनुदान थांबविले. कारण शैक्षणिक नव्हते, राजकीय होते. संस्था टिकली ती लोकांच्या मुठीमुठीच्या धान्यावर व वर्गणीवर.

आता आजची स्थिती. अनुसूचित जातींसाठी कार्य करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना केंद्राचे अनुदान १९५३-५४ पासून आहे. आज ते 'श्रेष्ठ' या योजनेचा भाग आहे आणि त्यात संस्थांनी चालविलेल्या निवासी शाळा व वसतिगृहे येतात. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाकडून अनुदानित वसतिगृहांना मुलांमागे परिपोषण अनुदान आणि अधीक्षक, स्वयंपाकी आदींना मानधन मिळते. वस्तीतील वाचनालयासाठी १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. मान्यताप्राप्त ग्रंथालयास त्याच्या वर्गानुसार परिरक्षण अनुदान असते. नव्या मान्यतेचे धोरण मात्र बदलत आले आहे, म्हणून जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे आधी चौकशी करावी.

कंपन्यांचा निधी हा नवा मार्ग आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एकही मर्यादा गाठणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते. शिक्षण आणि सामाजिकदृष्ट्या मागास घटकांवरील विषमता कमी करणे हे विषय त्यात स्पष्टपणे आहेत, आणि कंपनीने आपल्या कार्यक्षेत्राच्या परिसराला अग्रक्रम द्यावा असेही कायदा सांगतो. म्हणजे औद्योगिक वसाहतीलगतच्या संस्थेने मुंबईच्या वाऱ्या करण्यापूर्वी शेजारच्या कारखान्याचे दार ठोठवावे. मात्र संस्थेला तशाच कार्याचा किमान तीन वर्षांचा अनुभव, आयकराची नोंदणी आणि सीएसआर-१ हा अर्ज भरलेला असणे आवश्यक आहे.

परदेशी स्थायिक झालेले माजी विद्यार्थी हल्ली आपुलकीने देणगी पाठवू इच्छितात. भारतीय नागरिकत्व कायम असणाऱ्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम विदेशी देणगी ठरत नाही. ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले, त्याची देणगी मात्र ठरते. ती विदेशी अंशदान कायद्याची परवानगी नसताना स्वीकारणे हा गुन्हा आहे. हे न विचारता खाते क्रमांक पाठवू नये.

आणि खरी अडचण येथून पुढे आहे. माझ्या पाहण्यातील एका संस्थेला इमारतीसाठी मदत देण्यास एक दाता तयार होता. त्याने विश्वस्तांची यादी मागितली. धर्मादाय कार्यालयातील नोंदीप्रमाणे नऊपैकी पाच विश्वस्त दिवंगत होते. बदल अर्ज कित्येक वर्षे दाखलच झाला नव्हता. कायद्याने तो बदल झाल्यापासून नव्वद दिवसांत द्यावयाचा असतो. दाता थांबला नाही. त्या संस्थेच्या मुली आजही पत्र्याखाली झोपतात, आणि वसतिगृहाच्या जागेवरून दोन गटांत दावा चालू आहे. जयंतीची वर्गणी आठ दिवसांत जमविणाऱ्या वस्तीत लेखापरीक्षणासाठी वर्षभर माणूस मिळत नाही, याला निधीची टंचाई म्हणता येत नाही.

अर्जाच्या भाषेविषयीही थोडे लिहिणे भाग आहे. "आमची संस्था समाजसेवा करते, तरी सढळ हाताने साहाय्य व्हावे" अशी पत्रे मी कितीतरी वाचली. त्यांत किती मुले, कोणत्या इयत्तेतील, कोठली, त्यांना नेमके काय हवे, त्याला किती खर्च येईल आणि वर्षाअखेर काय दिसेल, यांपैकी काहीच नसते. उषवदाताने वीस भिक्खू आणि बारा कार्षापण लिहिले होते. रक्कम मिळाल्यावर ज्या कामासाठी मिळाली त्यावरच खर्च करावी, पावत्या जपाव्यात आणि उपयोगिता प्रमाणपत्र मुदतीत द्यावे. केंद्राच्या अनुदानाबाबत ही मुदत आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांची आहे. पहिल्या हप्त्याचे प्रमाणपत्र गेले नाही म्हणून दुसरा अडतो, मग कार्यालयाला दोष दिला जातो. कार्यालयेही विलंब करतात, हे खरे. महिनोन्‌महिने अनुदान न आल्याने अधीक्षकांनी किराणा दुकानदाराकडे उधारी मागितल्याची उदाहरणे थोडी नाहीत. अशा वेळी माहितीच्या अधिकाराचा अर्ज आणि सर्व वसतिगृहांचे संयुक्त निवेदन उपयोगी पडते. पण आपले कागद पुरे असले तरच.

माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण आज बँकेत, कर खात्यात, लेखा कार्यालयांत आहेत. त्यांनी देणगीबरोबर वर्षातील दोन रविवार शाळेच्या दप्तरासाठी द्यावेत. विश्वस्तांची यादी, बदल अर्ज, ऐंशी-जी नोंदणीची मुदत, नीती आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावरील नोंद, जमिनीचा सातबारा, एवढ्या पाच गोष्टी पहिल्या रविवारी तपासता येतील. दुसऱ्या रविवारी एका अक्षयनीवीचा विचार व्हावा : प्रत्येक तुकडीने एक ठेव बँकेत ठेवावी, तिचे मुद्दल कायम राहावे आणि अनुदान उशिरा आले त्या महिन्यात तिच्या व्याजातून मुलांचा किराणा भरला जावा.