पोर्टलमधील पृष्ठसमूहांची व्यवस्था

ग्रंथालयातील ग्रंथांची संख्या शंभर-दोनशेच्या आत असते, तोपर्यंत ग्रंथपालाची स्मरणशक्ती हीच ग्रंथालयाची सूची असते. वाचकाने ग्रंथाचे नाव उच्चारावे आणि ग्रंथपालाने नेमक्या कपाटापाशी जावे, एवढ्यावर काम भागते. परंतु हीच संख्या दहा हजारांवर गेली, की स्मरणावर विसंबून चालत नाही. वर्गीकरण, सूची व देवघेवीचे नियम ह्यांची आवश्यकता भासू लागते. संगणकाच्या जाळ्यावर माहिती प्रसिद्ध करणाऱ्या संस्थांनाही हाच अनुभव येतो.

ज्या संकेतस्थळाच्या एकाच द्वारातून अनेक विभागांची माहिती व सेवा वाचकास मिळतात, त्यास पोर्टल असे म्हणतात. पोर्टलवरील पृष्ठे एक व्यक्ती लिहीत नाही. निरनिराळ्या कार्यालयांतील अनेक माणसे ती लिहितात, बदलतात व काढून टाकतात. म्हणून पोर्टल चालविणाऱ्या प्रणालीत पृष्ठांचे समूह करण्याची सोय ठेवलेली असते. हे समूह कोणत्या तत्त्वावर करावे, हा ह्या पाठाचा विषय आहे.

अव्यवस्थेचे मोल

समजा, एका शिक्षण खात्याच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीच्या अर्जाची अंतिम तारीख दिलेली आहे. शिष्यवृत्ती विभागाने ती आपल्या पृष्ठावर लिहिली. माध्यमिक शाळांच्या विभागाने आपल्या वाचकांची सोय व्हावी म्हणून त्याच मजकुराची प्रत आपल्या पृष्ठावर ठेवली. पुढे तारीख आठ दिवस अलीकडे आली. शिष्यवृत्ती विभागाने आपले पृष्ठ सुधारले. पण दुसरी प्रत तशीच राहिली. ही दुसरी प्रत वाचणारा विद्यार्थी निश्चिंत राहतो आणि त्याचा अर्ज उशिरा पोहोचतो. येथे कोणी खोटे लिहिलेले नाही, कोणी आळसही केलेला नाही. दोष व्यवस्थेचा आहे. परंतु एका वर्षाची शिष्यवृत्ती मात्र विद्यार्थ्याने गमावली.

हा दोष टाळावयाचा, तर प्रत्येक पृष्ठाच्या बाबतीत दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. पहिला प्रश्न असा, की हे पृष्ठ खरे व अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी कोणाची? दुसरा प्रश्न असा, की हे पृष्ठ कोणाकोणाला सापडले पाहिजे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर एकच असावे लागते. दुसऱ्याची उत्तरे अनेक असू शकतात. पृष्ठसमूहांच्या व्यवस्थेचे सारे मर्म ह्या भेदात आहे.

पृष्ठसमूहाची रचना

ह्या शतकाच्या पहिल्या दशकात अनेक संस्थांच्या वापरात असलेल्या ‘ओरॅकल पोर्टल’ ह्या प्रणालीत पृष्ठसमूहाची कल्पना फार स्पष्ट स्वरूपात मांडलेली होती. ही प्रणाली आता मागे पडली असली, तरी तिच्यातील तत्त्वे आजच्या प्रणालींतही निरनिराळ्या नावांनी आढळतात. म्हणून उदाहरणादाखल तिची रचना पाहणे उपयुक्त ठरेल.

त्या प्रणालीत प्रत्येक पृष्ठसमूहाला एक मूळ पृष्ठ असे. त्या पृष्ठाखाली उपपृष्ठे, त्यांच्याखाली आणखी उपपृष्ठे, अशी वृक्षासारखी रचना होई. समूहाचा एक प्रशासक नेमलेला असे. समूहातील पृष्ठांचे साचे, त्यांची दृश्य शैली, मजकुराचे वर्ग आणि वापरकर्त्यांचे अधिकार ही सर्व समूहाची मालमत्ता समजली जाई. ज्या गोष्टी सर्वच समूहांना लागत, त्यांकरिता सामाईक वस्तूंचा एक स्वतंत्र समूह राखून ठेवलेला असे.

अधिकार देण्याची पद्धत विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. समूहाचा पूर्ण कारभार पाहणे, केवळ वर्गीकरण सांभाळणे, केवळ साचे किंवा शैली सांभाळणे आणि केवळ वाचणे, असे निरनिराळे अधिकार निरनिराळ्या व्यक्तींना देता येत. एखाद्यास मजकूर घालण्याची मुभा देऊनही तो वरिष्ठाच्या मान्यतेवाचून प्रसिद्ध होऊ नये, अशीही सोय असे. उपपृष्ठाला आपल्या वरच्या पृष्ठाचे अधिकार वारशाने मिळत. आवश्यक तेथेच ते स्वतंत्रपणे ठरविता येत.

ह्या वारशाचा लाभ मोठा आहे. दोनशे पृष्ठांचे अधिकार एकेक करून लिहावयाचे झाल्यास चूक झाल्यावाचून राहत नाही, आणि माणूस बदलून गेला म्हणजे दोनशे ठिकाणी दुरुस्ती करावी लागते. वारशाच्या पद्धतीत ती एकाच ठिकाणी होते. साच्याचेही तसेच आहे. साच्यात एक बदल केला, की त्यावर आधारलेल्या सर्व पृष्ठांत तो आपोआप उतरतो. मात्र अपवादांची संख्या वाढू लागली, की हा लाभ नष्ट होतो. जेथे प्रत्येक पृष्ठ हा अपवाद असतो, तेथे समूह केवळ नावापुरता उरतो.

समूह कोणत्या रेषेवर पाडावे?

अनेक संस्था येथे एक स्वाभाविक चूक करतात. विद्यार्थ्यांसाठी एक समूह, शिक्षकांसाठी दुसरा, पालकांसाठी तिसरा, अशी विभागणी त्यांना सोयीची वाटते. परंतु शिष्यवृत्तीची माहिती तिघांनाही हवी असते. मग एक तर तिच्या तीन प्रती होतात, नाहीतर ती एका समूहात ठेवून इतर दोघांपासून दुरावते. ह्याउलट, माहिती सांभाळणाऱ्या कार्यालयाच्या मर्यादेप्रमाणे समूह पाडला, तर पृष्ठाचा धनी निश्चित होतो. शिष्यवृत्तीचे पृष्ठ शिष्यवृत्ती विभागाच्या समूहात, आणि केवळ तेथेच, असावे.

ह्यावर एक आक्षेप योग्यपणे घेता येईल. वाचकाला कार्यालयांची विभागणी कोठे ठाऊक असते? कोणता कागद कोणत्या टेबलावर असतो, हे जाणून घेण्याचे ओझे त्याच्यावर का घालावे? आक्षेप खरा आहे. त्याचे उत्तर समूहात नसून वर्गीकरणात आहे.

घर एक, वाटा अनेक

ग्रंथालयात एक ग्रंथ एका वेळी एकाच फळीवर राहू शकतो. तरीही सूचीच्या पेटीत त्याची कार्डे अनेक असतात. लेखकाच्या नावाने एक, ग्रंथाच्या नावाने दुसरे, विषयाच्या नावाने तिसरे. ग्रंथ हलत नाही. त्याच्याकडे जाणाऱ्या वाटा वाढतात.

ह्या विचाराला शास्त्रीय रूप देण्याचे कार्य भारतात झाले, ही गोष्ट अभिमानास्पद आहे. शियाली रामामृत रंगनाथन (१८९२–१९७२) हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले व ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेले. लंडनमधील एका दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. मोजक्याच पट्ट्या व स्क्रू ह्यांच्या निरनिराळ्या जोडण्यांतून हवी ती वस्तू उभी राहत होती. विषयांचेही असेच घटक पाडून ते जोडता येतील, ही कल्पना त्यांना त्यावरून सुचली. १९३३ साली त्यांनी ‘कोलन क्लासिफिकेशन’ ही वर्गीकरणपद्धती प्रसिद्ध केली. व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश व काल अशी पाच मूलभूत अंगे त्यांनी पुढे प्रतिपादिली. एकच विषय अनेक अंगांनी पाहता येतो, हे ह्या पद्धतीचे सार होय.

पोर्टलमध्येही हेच तत्त्व वापरले जाते. वर उल्लेखिलेल्या प्रणालीत प्रत्येक मजकुराला एक वर्ग देता येई आणि त्याशिवाय अनेक ‘दृष्टिकोन’ जोडता येत. हा मजकूर काय आहे, ह्याचे उत्तर वर्ग देई. तो कोणाच्या उपयोगाचा आहे, ह्याचे उत्तर दृष्टिकोन देई. शिष्यवृत्तीच्या मजकुराचा वर्ग ‘सूचना’ असा ठेवून त्याला ‘विद्यार्थी’, ‘पालक’ व ‘शिक्षक’ हे तीन दृष्टिकोन दिले, की तिन्ही सूचींत त्याचे नाव येते. मजकूर मात्र एकाच ठिकाणी राहतो. तारीख बदलली, तर ती एकदाच बदलावी लागते आणि तिन्ही वाटांनी येणाऱ्यांना नवी तारीखच दिसते. आजच्या प्रणालींत ह्या दृष्टिकोनांची जागा बहुधा खूणशब्दांनी घेतलेली असते.

पृष्ठाचा पत्ता

समूहांची फेररचना करताना एक संकट हमखास उद्भवते. खाती विलीन होतात, नावे बदलतात आणि त्यांच्याबरोबर पृष्ठांचे पत्तेही बदलतात. जुना पत्ता ज्यांनी वहीत टिपून ठेवला असेल, किंवा एखाद्या ग्रंथात छापला असेल, त्यांना तेथे काहीच सापडत नाही. ‘४०४’ हा सांकेतिक अंक पडद्यावर येतो. मागितलेली वस्तू सापडत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

१९८९ साली जिनिव्हाजवळील सर्न ह्या प्रयोगशाळेत ज्यांनी वेबची कल्पना मांडली, त्या टिम बर्नर्स-ली ह्यांनी १९९८ साली एका लेखात असे प्रतिपादन केले, की चांगला पत्ता कधीही बदलत नाही. पत्त्यात लेखकाचे नाव, विषय किंवा मजकुराची सद्यःस्थिती घालू नये, कारण ह्या गोष्टी बदलतात. निर्मितीची तारीख मात्र बदलत नाही, असा त्यांचा सल्ला होता. पत्ता बदलणे अटळच झाले, तर ‘३०१’ ह्या अंकाच्या साहाय्याने जुन्या पत्त्यावर आलेल्या वाचकास नव्या पत्त्यावर पोहोचविता येते. पृष्ठ कायमचे काढले असल्यास ‘४१०’ हा अंक तसे स्पष्ट सांगतो. समूह हलविणाऱ्या प्रशासकाने आधी जुन्या पत्त्यांची यादी करावी व नंतरच हलवाहलवीस हात घालावा.

पृष्ठाचे आयुष्य

पृष्ठ जन्मास घालणे सोपे आहे; त्याचा शेवट ठरविणे कोणालाच सुचत नाही. म्हणून प्रत्येक सूचनेला प्रसिद्ध करतानाच समाप्तीची तारीख द्यावी. ती तारीख उलटल्यावर मजकूर दृष्टीआड व्हावा, परंतु नष्ट होऊ नये. कारण मागील वर्षाची सूचनाही पुढे पुरावा म्हणून लागू शकते.

भारत सरकारचे राष्ट्रीय पोर्टल नोव्हेंबर २००५ मध्ये सुरू झाले. सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ साली निघाली आणि पुढे त्यांच्या सुधारित आवृत्त्याही प्रसिद्ध झाल्या. मजकूर कोणी द्यावा, कोणी तपासावा व कोणी मान्य करावा. त्याचे पुनरावलोकन कसे करावे. आणि तो अभिलेखात केव्हा ठेवावा, ह्यांविषयी प्रत्येक विभागाने धोरण आखावे, अशी अपेक्षा त्यांत व्यक्त केलेली आहे. येथेही पहिला विचार जबाबदारीचाच आहे.

विद्यार्थ्यांनी करून पाहावे

ह्या तत्त्वांची प्रचीती घेण्यास संगणकाची आवश्यकता नाही. शाळेच्या सूचनाफलकावरील वीस सूचना घ्याव्या व प्रत्येक सूचना एकेका कार्डावर लिहावी. प्रथम ती कार्डे वाचकांप्रमाणे वेगळी करावी व किती कार्डांच्या एकाहून अधिक प्रती कराव्या लागतात, ते मोजावे. नंतर तीच कार्डे, सूचना काढणाऱ्या व्यक्तीप्रमाणे लावावी आणि वाचकांची नावे कार्डाच्या कोपऱ्यात लिहावी. शेवटी एका सूचनेतील तारीख बदलून, दोन्ही रचनांत किती कार्डे सुधारावी लागली, ह्याची तुलना करावी.

पहिल्या रचनेत सुधारावयाचे राहून गेलेले एक कार्ड म्हणजेच तो उशिरा पोहोचलेला अर्ज होय, हे मग निराळे सांगावे लागणार नाही.