गोष्ट कोणाची?

मुलांनो, उरुसातल्या पाळण्यात तुम्ही बसला असाल. तो वर जातो, खाली येतो. त्यात गोष्ट नसते. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९५५ साली डिस्नेलँड हे उद्यान सुरू झाले. तेथील बऱ्याच खेळांत मात्र गोष्ट असते. ती बाहेरच्या चित्रपटातून घ्यावी काय?

डिस्नेलँडने ती १९८७ साली घेतली. 'स्टार वॉर्स' तेव्हा डिस्नेचा नव्हता. जॉर्ज लुकास यांच्या कंपनीचा होता. त्यावरून 'स्टार टूर्स' हा खेळ तयार झाला. तुम्ही एका बंद खोलीत बसता. समोर पडद्यावर आकाश धावते आणि त्याच वेळी खोली यंत्राने हलते. खोली जागा सोडत नाही, पण आपण यानातून उडत आहोत असेच वाटते! गोष्ट ओळखीची असल्यामुळे लोकही ओढीने येतात. अशा उसनवारीला माझी हरकत नाही.

पण त्याच उद्यानातला एक जुना खेळ पाहा. १९६७ साली तेथे 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' ही समुद्री चाच्यांची सफर सुरू झाली. नावेत बसून अंधारातून जायचे आणि यंत्राने हलणारे, गाणारे चाचे पाहायचे. ही सफर कोणत्याही चित्रपटावरून घेतलेली नव्हती. उलट, २००३ साली तिच्यावरूनच चित्रपट निघाला आणि तो जगभर चालला. उद्यानाने त्या वेळी उसनीच गोष्ट घेतली असती, तर हा चित्रपट निघाला असता का?

पुढे तर गंमतच झाली. २००६ साली चित्रपटातल्या जॅक स्पॅरोचे हलते पुतळे जुन्या सफरीत आणून बसवले. आता नावेत बसणाऱ्या एखाद्या मुलाला वाटेल, आधी चित्रपट आला आणि मग सफर!