बंद बाटलीतला गॅस जातो कुठे?

प्रश्न : माझं किराणा दुकान आहे. कोल्ड्रिंकच्या लहान बाटल्या काही महिने पडून राहिल्या की न उघडताच मिळमिळीत होतात. मोठ्या बाटल्यांचं तसं लवकर होत नाही. गॅस बुचातून जातो का? आणि हिंगाचा वास बंद प्लास्टिक पिशवीतून बाहेर कसा येतो?
– एक वाचक, रिहे (ता. मुळशी)

उत्तर : थोडा गॅस बुचातूनही जातो. पण बराचसा जातो तो बाटलीच्या अंगातून, आणि तिथे एकही भोक नसतं.

ही बाटली पेट नावाच्या प्लास्टिकची असते. प्लास्टिक म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या. पेट साधारण ७५ अंश सेल्सिअसच्या खाली काचेसारखं कडक असतं, म्हणजे साखळ्या जागच्या जागी थिजलेल्या असतात. उकळतं पाणी ओतल्यावर ही बाटली आक्रसते, ते तुम्ही पाहिलं असेलच. बाटली फुगवताना ताणलेल्या साखळ्या उष्णतेने मोकळ्या होतात आणि पुन्हा गोळा होऊ पाहतात.

पण थिजल्या म्हणजे अगदी निश्चल झाल्या, असं नाही. त्यांचे तुकडे जागच्या जागी हलत असतात आणि मध्ये बारीक पोकळ्या राहतात. भरलेल्या एसटीत कंडक्टर पुढे सरकतो ते आठवा. वाट कुठेच नसते; कुणीतरी खांदा वळवतं, तेवढ्यात तो एक पाऊल टाकतो. कार्बन डायऑक्साइडचा रेणू जेमतेम ०.३३ नॅनोमीटरचा. तो एका पोकळीत अडकून राहतो, शेजारची फट क्षणभर उघडली की पुढच्या पोकळीत उडी मारतो. बाटलीत दाब जास्त असल्यामुळे एकूण ओघ बाहेरच्या दिशेने.

आता लहान-मोठ्याचा हिशेब. दोन लिटरच्या बाटलीत पाव लिटरच्या बाटलीच्या आठपट पेय मावतं, पण आकार सारखाच धरला तर तिचं पृष्ठफळ फक्त चौपट भरतं. म्हणजे लहान बाटलीतल्या प्रत्येक घोटाच्या वाट्याला गॅस निसटायला दुप्पट भिंत येते. त्यात माल पत्र्याखाली ठेवला असेल, तर उन्हाळ्यात साखळ्यांची हालचाल वाढते आणि गळतीही.

हिंगाची गोष्ट वेगळी. पॉलिथिनच्या साखळ्या थिजायला शून्याखाली शंभरएक अंश उतरावं लागतं, त्यामुळे आपल्या हवेत त्या मोकळ्याच असतात. शिवाय हिंगाचे वासाचे गंधकयुक्त रेणू या तेलकट स्वभावाच्या प्लास्टिकमध्ये सहज विरघळतात. पिशवीने त्यांना अडवावं ही अपेक्षाच जास्तीची आहे.

मग खुद्द साखळी प्लास्टिकमधून सरकते का? तिला चहूबाजूंनी शेजारणींनी घेरलेलं असतं. म्हणून ती फक्त लांबीच्या दिशेने, स्वतःच्याच वाटेवरून सरपटू शकते, असं फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर-जिल द जेन यांनी १९७१ मध्ये मांडलं. १९९१ चं भौतिकीचं नोबेल त्यांना मिळालं. त्यांच्या गणिताप्रमाणे साखळी दुप्पट लांब झाली तर त्या वाटेतून सुटायला आठपट वेळ लागतो. हे प्लास्टिक वितळलेलं असताना; थिजलेल्या प्लास्टिकमध्ये ती जवळपास हलतच नाही. पेट्रोल मात्र तिला हलवतं. थर्माकोलवर चार थेंब टाका (विस्तवापासून दूर): पेट्रोलचे छोटे रेणू आधी आत शिरतात, साखळ्या सैल करतात, आणि मग साखळ्या सुट्या होऊ लागतात. प्लास्टिक असं फुगून विरघळताना आत नेमकं काय घडतं, यावर पुण्यात पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रघुनाथ माशेलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संशोधन केलं आहे.

तुमच्या दुकानात जी गळती नुकसानीची, तीच दुसरीकडे कामाची ठरते. गोबरगॅसमध्ये मिथेनबरोबर बराच कार्बन डायऑक्साइड असतो. मिथेनचा रेणू थोडा मोठा, ०.३८ नॅनोमीटर. एवढासा फरकही कडक प्लास्टिकचा पातळ पडदा ओळखतो: कार्बन डायऑक्साइड भराभर पलीकडे जातो, मिथेन बहुतांश मागे राहतो. मऊ रबराला ही निवड इतकी नेमकी जमत नाही.

तेव्हा लहान बाटल्या थोड्याच मागवा, सावलीत ठेवा, जुना माल आधी काढा. हिंगाला काचेची बरणी किंवा पत्र्याचा घट्ट डबा.