पारंपरिक वेष आणि कटिप्रदेशीचा व्रण

आधुनिक जीवनात पारंपरिक वेष टिकवावा की नाही, हा वाद व्यासपीठावर संस्कृतीच्या नावाने चालतो. आपल्या चिकित्सालयात मात्र तो रुग्णेच्या कमरेवरील काळ्या वळाच्या रूपाने येतो. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात निर्मल वस्त्रधारणाचे गुण वर्णिले आहेत. भावप्रकाशात शीतकाली रेशमी व लोकरी, उष्णकाली काषाय आणि वर्षाकाली शुभ्र वस्त्र असा ऋतुविचार आहे. म्हणजे विचार आहे तो वस्त्राच्या गुणाचा व ऋतूचा. लुगडे की सलवार, धोतर की पाटलोण, याचा निवाडा तेथे शोधू नये.

आमच्या मते आपल्या उष्ण-दमट हवेत सुती, सैल, घाम शोषणारा वेष आजही युक्त आहे. घट्ट कृत्रिम धाग्याच्या विजारींनी बळावणारा जांघेतील दद्रु आपण नित्य पाहतोच. प्रश्न वेषाचा नसून बांधण्याचा आहे.

धोतराच्या गाठीजागी होणाऱ्या कर्करोगाची नोंद डॉ. खानोलकर व डॉ. सूर्याबाई यांनी १९४५ मध्येच केली होती. २०२४ मध्ये वर्धा व बिहारमधील वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांनी दोन रुग्णा वर्णिल्या. एकीच्या उजव्या कुशीवर अठरा महिने न भरणारा व्रण होता. परकराची नाडी ती घट्ट आवळून बांधीत असे. दुसरी चाळीस वर्षे परकराविना लुगडे कसून नेसणारी. तिचा व्रण दोन वर्षांचा, आणि रोग जांघेतील ग्रंथीपर्यंत पोहोचलेला. दोघींच्याही तपासणीत त्वचेचा कर्करोग निघाला. संप्राप्ती सरळ आहे: सततचा दाब, घर्षण, त्यात घाम व धूळ, त्वचा विरळ होते, फुटते, भरते, पुन्हा फुटते. अशा जीर्ण व्रणाचे वर्षानुवर्षांनी कर्करोगात रूपांतर होऊ शकते.

सुश्रुताचार्यांनी व्रणाचे साठ उपक्रम सांगितले खरे, पण निदानपरिवर्जनावाचून त्यांतील एकही फळणार नाही. नाडी जागच्या जागी राहिली तर जात्यादि तेल काय करणार? (नाडीपरीक्षा करणाऱ्यांनी ही नाडीही पाहावी, असे विनोदाने नव्हे, गांभीर्याने म्हणतो.) नाडीऐवजी रुंद पट्टा, गाठीची जागा रोज थोडी वरखाली, घरी असताना सैल बांधणी, एवढ्याने साडी सुटत नाही. वृद्धेला नेसण बदलण्यास सांगणे हा मात्र उद्धटपणा ठरेल, आणि ती ऐकणारही नाही. सुनेला वा लेकीला जवळ बसवून समजवावे.

कमरेवर केवळ वळ किंवा खाज असेल तर उपचार अवश्य करावेत. परंतु कडा उचललेला, कठीण, सहज रक्त येणारा अथवा महिनाभराच्या उपचाराने न भरणारा व्रण लेपाखाली झाकून ठेवू नये. शल्यचिकित्सकाकडे पाठवून तुकडा तपासून घ्यावा. औषधी दुकानदार बंधूंनाही विनंती, की त्याच जखमेसाठी तिसऱ्यांदा मलम मागणाऱ्या बाईला डबी देण्यापूर्वी जखम किती दिवसांची, एवढे विचारावे आणि तिला वैद्यांकडे धाडावे.