मध्यवर्ती कॉन्फिगरेशन आणि फीचर फ्लॅग: काटा चालवणाऱ्यांनी काय जपावे

क्लाउडवरच्या प्रणालीत प्रोग्रॅम आणि त्याची सेटिंग्ज वेगळी ठेवतात. दर, मर्यादा, सर्व्हरचे पत्ते हे कोडमध्ये न कोरता बाहेर ठेवावे, हा आग्रह २०११ च्या ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर अ‍ॅप’ या मांडणीने रुजवला. पुढे ही सेटिंग्ज एका जागी साठवून सगळीकडे वाटणाऱ्या सेवा आल्या. अ‍ॅमेझॉनची ‘अ‍ॅपकॉन्फिग’ २०१९ मध्ये आली, तर मायक्रोसॉफ्टची ‘अ‍ॅप कॉन्फिगरेशन’ २०२० मध्ये सर्वांसाठी पूर्णपणे खुली झाली.

फीचर फ्लॅग हे या सेटिंगचेच एक रूप. कोड आधीच पोचलेला असतो. फ्लॅग चालू केला की तो भाग कामाला लागतो. फ्लॅग साधारण चार कारणांसाठी वापरतात: नवे काम टप्प्याटप्प्याने सुरू करणे, दोन पद्धतींची तुलना, अडचणीच्या वेळी एखादा भाग बंद करणे आणि ठरावीक ग्राहकालाच एखादी सोय देणे. शेवटच्या प्रकारात चूक झाली की एका ग्राहकाचा नियम दुसऱ्याच्या हिशेबात घुसतो. चोपड्यातल्या एका जिनिंगवर नेमके हेच घडले. तिथल्या संगणकांची देखभाल प्रस्तुत लेखकाकडे होती आणि दोषही आधी त्याच्याच माथी मारला गेला.

कापसाच्या ओलाव्याचा हिशेब दोन तऱ्हांनी होतो. भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) हमीभावाने घेताना ८ टक्के ओलावा गृहीत धरते आणि १२ टक्क्यांपर्यंत प्रमाणात भाव कमी करते. खाजगी जिनिंगवर बहुधा ओलावा पाहूनच भाव ठरतो. काट्याच्या संगणक-प्रणालीच्या पुरवठादाराने दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका ग्राहकासाठी तिसरी सोय बनवली: ८ टक्क्यांवरचा ओलावा थेट वजनातून वजा करणारी. तिचा फ्लॅग त्या ग्राहकापुरता चालू करायचा होता; तो सर्वांसाठी चालू झाला. चोपड्याला भाव आधीच ओलावा धरून ठरलेला, वर वजनही कापले जाऊ लागले. ११ टक्के ओलाव्याच्या २० क्विंटल कापसावर ही कपात ६० किलो होते.

प्रकार उघड केला तो एका शेतकऱ्याने. त्याच्या एकाच शेतातल्या कापसाच्या दोन ट्रॉल्या आवारातल्या दोन काट्यांवर गेल्या. एका पावतीवर भरलेल्या वजनातून रिकामे वजन वजा केले की निव्वळ वजन जुळत होते, दुसरीवर नाही. त्याने पावतीच्या पाठीवर वजाबाकी मांडली आणि मुनीमजींपुढे धरली: “भाऊ, हाई पावती बराबर नही शे.” त्याचे गणित चोख होते. पावतीवर कपातीची ओळच नव्हती. वजन गेले कुठे हे सांगायला कागदावर जागा ठेवलेली नव्हती.

दोन्ही काट्यांच्या संगणकांवर प्रोग्रॅमची आवृत्ती एकच होती. फरक एवढाच की एक त्या सकाळी बंद करून पुन्हा सुरू केलेला होता. प्रणाली सेटिंग्ज फक्त सुरू होताना मागवत होती आणि नंतर डिस्कवर जपलेल्या प्रतीवर, म्हणजे कॅशे फाईलवर चालत होती. दोन्ही फाईल शेजारी उघडल्यावर एका ओळीचा फरक दिसला: ओलावा-कपात एकीकडे बंद, दुसरीकडे चालू. पुढे वादाला जागा राहायला नको होती.

तरी वाद झाला. पुरवठादाराच्या माणसाने आधी काट्याचा लोडसेल बिघडल्याचे सांगितले, मग ‘तुमच्या स्थानिक माणसाने काहीतरी बदलले असेल’ असे. त्या स्थानिक माणसाच्या खात्याला सेटिंग बघण्याचाच अधिकार होता, बदलण्याचा नव्हता, आणि तो अधिकार पुरवठादारानेच ठरवला होता. दुपारी फ्लॅग गुपचूप बंद झाला. मध्यवर्ती सेटिंगमध्ये सकाळी चालू असलेली ओळ नाहीशी झाली आणि ‘आमच्याकडे काहीच बदललेले नाही’ असे उत्तर आले. त्यांचे सगळे लोक एकच अ‍ॅडमिन खाते वापरत असल्याने बदल कुणी केला याची नोंदच नव्हती. कॅशे फाईलचे फोटो आधीच काढलेले होते म्हणून जिनिंगच्या मालकांना खरे काय ते कळले. शेतकऱ्यांचा फरक त्यांनी स्वतःच्या खिशातून चुकता केला. पुरवठादाराने चूक मान्य केल्याचे एक पत्रही दिले नाही.

सेटिंग बदलणे म्हणजे ‘नुसते बटण’ नव्हे, हे मोठ्या कंपन्यांनीही फार महागात शिकून घेतले आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील ‘नाइट कॅपिटल’ने जुना, निरुपयोगी फ्लॅग नव्या कामासाठी पुन्हा वापरला. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड पोचला नव्हता. तिथे त्याच फ्लॅगने जुना कोड जागा केला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४६ कोटी डॉलरहून अधिक बुडाले. १२ जून २०२५ रोजी गूगल क्लाउड जगभर कोलमडले, तेव्हा बिघडलेला कोड फ्लॅगच्या आड ठेवलेलाच नव्हता, असे गूगलने जाहीर केले. फ्लॅग हवाच, पण त्याला कोडइतकीच शिस्त हवी.

ती शिस्त पुढीलप्रमाणे असावी. फ्लॅग सापडला नाही तर तो बंदच धरावा. पैशांच्या हिशेबाचा फ्लॅग आधी एका ग्राहकावर, मग थोड्यांवर चालू करावा. अ‍ॅपकॉन्फिगमध्ये बदल लागू होण्याआधी तो तपासण्याची, टप्प्याने पसरवण्याची आणि धोक्याची सूचना येताच आपोआप मागे घेण्याची सोय आहे. ती न वापरणाऱ्याला सबब उरत नाही. एकाच आवारातल्या सर्व काट्यांनी नवी सेटिंग एकाच वेळी उचलावी आणि तीही दिवसाचा हिशेब बंद झाल्यावर, खरेदी चालू असताना कधीच नाही. प्रत्येक पावतीवर कपातीची स्वतंत्र ओळ आणि सेटिंगचा आवृत्ती क्रमांक छापावा. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र खाते द्यावे आणि बदलांचा इतिहास ग्राहकालाही दिसावा. पासवर्ड आणि किल्ल्या सेटिंग्जच्या साठ्यात न ठेवता वेगळ्या गुप्त साठ्यात ठेवाव्यात. प्रत्येक फ्लॅगला जबाबदार माणूस आणि काढून टाकण्याची तारीख असावी. जुन्या फ्लॅगचे नाव पुन्हा वापरू नये. बदलाआधी चाचणी घ्यावी, हे सर्वांना ठाऊकच असते.

देखभाल करणाऱ्याने स्वतःसाठीही काही जपावे. गडबड दिसताच संगणक बंद करू नये. आधी कॅशे फाईलची प्रत आणि तिच्या वेळेसह पडद्याचा फोटो घ्यावा. फोनवरच्या खुलाशावर विसंबू नये, प्रत्येक प्रश्न ईमेलने विचारावा. करारात दोन कलमे घालून घ्यावीत: लेखी पूर्वसूचनेशिवाय हिशेबाची कोणतीही सेटिंग बदलणार नाही; आणि तशी बदलल्यास होणारा फरक पुरवठादार भरेल. पहिल्या कलमावर सही करायला जो कचरतो, त्याची प्रणाली काट्याला जोडू नये.