'धरून बघ' म्हटलं आणि भाव बदलला

मार्च उजाडला की लालबागच्या मसाला गल्लीत नाकाला रुमाल लावूनच शिरावं लागतं. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरीचे ढीग आणि मागे डंकांची धडधड. वर्षाचा मसाला करायला आलेल्या गिऱ्हाइकाचा प्रश्न ठरलेला: पाच किलो मिरचीला धणे, दगडफूल, नागकेशर किती आणि एकूण खर्च किती?

हा हिशेब एआयने करून द्यावा म्हणून प्रस्तुत लेखकाने ओळखीच्या एका दुकानासाठी छोटासा एमसीपी सर्व्हर लिहिला आणि दोन रात्री पाण्यात घातल्या.

एमसीपी म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल. अँथ्रॉपिकने तो नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला. दुकानाचं दरपत्रक मॉडेलला आपोआप दिसत नाही, ते सर्व्हरच्या ताब्यात असतं. एआयच्या अ‍ॅपमधला क्लायंट त्या सर्व्हरशी जेसन-आरपीसी २.० च्या साच्यात बोलतो. आधी ओळखपाळख: आवृत्ती कोणती, काय काय जमतं. मग साधनांची यादी. मग काम.

लेखकाचं घोडं ओळखीलाच अडलं. 'सर्व्हरशी संपर्क तुटला', एवढंच अ‍ॅप सांगे. त्याने अ‍ॅप पुन्हा बसवलं, मॉडेल बदललं, चाळीतल्या वायफायला शिव्या घातल्या. खरं तर सर्व्हर त्याच लॅपटॉपवर होता. वायफायचा संबंधच नव्हता. तिसऱ्या दिवशी लॉगची फाइल उघडली तेव्हा चोर सापडला. जावास्क्रिप्ट कोडच्या सुरुवातीला हौसेने टाकलेली कन्सोल-लॉगची एक ओळ: 'दरपत्रक वाचले'.

ती ओळ स्टँडर्ड आउटपुटवर छापली जात होती, आणि एकाच यंत्रावरच्या अशा जोडणीत स्टँडर्ड आउटपुट ही संदेशांचीच वाट असते. तिथे प्रोटोकॉलबाहेरचा एक शब्दही चालत नाही. डंकात एकाची मिरची कुटली जात असताना दुसऱ्याची मूठभर टाकावी, तसा तो प्रकार. ओळ कन्सोल-एररच्या वेगळ्या वाटेवर नेली आणि सर्व्हर बोलू लागला.

तेव्हा जोडणी अडली तर मॉडेलला दोष देण्याआधी लॉग वाचा. सेटिंगमध्ये सर्व्हरच्या फाइलचा पत्ता पूर्ण लिहा. एमसीपी इन्स्पेक्टर हे तपासणीचं साधन वापरून सर्व्हर आधी एकटाच चालवून पाहा. तिथे अडला तर खोट तुमच्या कोडात.

दुसरी चूक महाग पडली. सर्व्हरमध्ये भाव वाचण्याबरोबर बदलण्याचंही साधन होतं आणि अ‍ॅपला 'नेहमी परवानगी' देऊन ठेवली होती. दुकानाच्या काकांनी टाइप केलं, "संकेश्वरी पन्नास रुपये कमी धरून बघ." मॉडेलने नुसतं धरलं नाही, दरपत्रकच बदललं. दुपारपर्यंतची बिलं कमी भावाने गेली.

प्रत्येक कामाआधी माणसाला नकार देता यावा, अशी शिफारस प्रोटोकॉलच्या नियमावलीतच आहे. ती वाचायचा कंटाळा लेखकाला भोवला.

इतरांचा तयार सर्व्हर घेताना तर दुप्पट सावध राहा. सप्टेंबर २०२५ मध्ये 'पोस्टमार्क-एमसीपी' नावाचं तिऱ्हाइताने बनवलेलं, ईमेल पाठवायचं एक पॅकेज उघडं पडलं. आधीच्या आवृत्त्या सरळ होत्या, १.०.१६ पासून एका वाढीव ओळीमुळे प्रत्येक ईमेलची गुपचूप प्रत बाहेरच्या पत्त्यावर जात होती. आवृत्ती बांधून ठेवा, नवी घेताना बदल वाचा, आणि लागेल तेवढीच परवानगी द्या.

लालबागच्या त्या सर्व्हरमध्ये आता फक्त वाचायचं साधन आहे. भाव काका स्वतःच्या हाताने भरतात.